निधी येतो, रस्ता जातो

कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुठल्याही मध्यम गावात एसटीच्या फाट्यापासून शेतापर्यंत चालत गेलात, तर अर्ध्या तासात पाच-सहा सरकारी लेखाशीर्षांवरून पाय जातात. फाट्यापासून गावापर्यंतचे डांबर मुख्यमंत्री ग्रामसडक योजनेचे. मधल्या ओढ्यावरचा पूल ‘पन्नास चोपन्न’चा. देवळापुढच्या गल्लीचे काँक्रीट पंधराव्या वित्त आयोगातून आणि तिला लागूनच असलेल्या गल्लीचे ‘पंचवीस-पंधरा’मधून. मागासवर्गीय वस्तीतला रस्ता समाजकल्याणच्या पैशातून, स्मशानभूमीकडचा जनसुविधेतून. गावठाण संपले की शेताकडे जाणारी पाणंद लागते. ती बहुतेक वेळा कुणाच्याच खात्यात नसते.

एवढी खाती असताना गावाला रस्ता नाही, ही तक्रार आता पूर्वीच्या अर्थाने राहिलेली नाही. कोल्हापूर हा बऱ्यापैकी जोडला गेलेला जिल्हा आहे. बारा तालुके, हजारावर ग्रामपंचायती, वीसहून अधिक साखर कारखाने आणि पहाटेपासून दूध संकलनाच्या गाड्या. रस्त्यावाचून इथला एकही धंदा चालत नाही. ग्रामीण रस्त्यांना सरकार पैसा देत नाही, ही ओरड मला अर्धीच खरी वाटते. पैसा येतो. पण तो रस्ता करायला येतो, राखायला येत नाही. शिवाय तो आणणाऱ्याच्या नावावर येतो, रस्त्याच्या नावावर नाही. पुढचा सगळा गुंता या दोन गोष्टींतून निघतो.

आधी मालकी पाहू. राष्ट्रीय महामार्ग, राज्यमार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग ही उतरंड १९४३ च्या नागपूर योजनेपासून चालत आली आहे. सरकारी कागदावर तिचे रामा, प्रजिमा, इजिमा, ग्रामा असे होते. पहिल्या तीन पायऱ्या सार्वजनिक बांधकाम विभागाकडे किंवा केंद्राकडे, खालच्या दोन जिल्हा परिषदेकडे. लांबी खालच्या दोन पायऱ्यांची जास्त आणि पैसा वरच्यांचा. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ ला मुंबई राज्यात विलीन झाले, मग लोकल बोर्ड आले आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषद. १९६१ च्या कायद्याने गावाकडचे रस्ते तिच्या गळ्यात घातले. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने अकराव्या अनुसूचीत पंचायतींसाठी २९ विषय लिहिले. त्यात रस्ते, मोऱ्या, पूल आहेतच. विषय दिले, अधिकार दिले, पण पैशाची वाट मुंबईतून आणि दिल्लीतूनच राहिली.

जिल्हा परिषदेचा स्वतःचा खिसा लहान आहे. जमीन महसुलावरचा उपकर, मुद्रांक शुल्कावरच्या एक टक्का अधिभारातला वाटा आणि किरकोळ भाडी. यातून जो स्वनिधी जमतो, त्याला सगळे ‘सेस’ म्हणतात. मुद्रांकाचा वाटा सरकार गोळा करते आणि सवडीने देते. जमीन महसुलाचे दर इतके जुने की त्यावरच्या उपकरातून खड्डेसुद्धा बुजणार नाहीत. म्हणून खरा पैसा जिल्हा नियोजन समितीतून येतो. देखभाल-दुरुस्तीला ३०५४, भांडवली कामाला ५०५४. समितीचे अध्यक्ष पालकमंत्री. आराखडा जिल्ह्यात बसतो, पण त्याचा आकडा मंत्रालय ठरवते आणि हप्तेही तिथूनच सुटतात. जिल्हा परिषदेला हा निधी खर्च करायला दोन वर्षांची मुदत मिळते. तरीही दर मार्चला नागाळा पार्कातल्या बांधकाम विभागात रात्री उशिरापर्यंत दिवे चालू असतात. पहिले वर्ष याद्या, मान्यता आणि आचारसंहिता यांतच सरते.

त्यात मार्च २०२२ मध्ये जिल्हा परिषदेची मुदत संपली. ओबीसी आरक्षणाचा वाद सर्वोच्च न्यायालयात अडकला, निवडणूक वर्षानुवर्षे रखडली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. त्याची पैशातली किंमत फार कमी लोकांनी मोजली. पंधराव्या वित्त आयोगाचा ग्रामीण निधी महाराष्ट्रात ग्रामपंचायतीला ८० टक्के, पंचायत समितीला १० आणि जिल्हा परिषदेला १० असा वाटला जात होता. पण निवडून आलेली संस्था अस्तित्वात असेल तरच अनुदान, ही आयोगाची अट होती. सदस्य नाहीत म्हणून वरच्या दोन स्तरांचा वाटा अडकला. लोकशाही थांबली की नळही बंद, इतका सरळ संबंध सरकारी कामात क्वचितच दिसतो. सभागृहात भांडून आपल्या गटातला इजिमा यादीत घालून घेणारा सदस्य नव्हता, ते वेगळेच.

ग्रामपंचायतीच्या पदरात मात्र या दहा वर्षांत पूर्वी कधी नव्हता एवढा पैसा पडला. चौदाव्या वित्त आयोगाने (२०१५ ते २०२०) सगळा ग्रामीण निधी थेट ग्रामपंचायतींना दिला आणि त्यासोबत ‘आमचं गाव, आमचा विकास’ म्हणून आराखडे करायला लावले. सरपंच नावाच्या माणसाला खरी किंमत आली ती तेव्हा. पंधराव्या आयोगाने हात जरा आखडता घेतला. ६० टक्के रक्कम बंधित, म्हणजे निम्मी पाण्यावर आणि निम्मी स्वच्छतेवर. मोकळी राहिली ४० टक्के. गल्ली, दिवे, शाळेची भिंत सगळे या चाळीस टक्क्यांत. त्यात मोठा रस्ता होत नाही, शंभर-दीडशे मीटरची गल्ली होते. म्हणून जिल्हाभर गल्ल्यांना काँक्रीटचा सोस लागला.

या काँक्रीटकडे जरा जवळून पाहण्यासारखे आहे. जुन्या फरशीवर किंवा मुरमावर चार इंचांचा थर पडतो. पाच-सात वर्षांनी तो उखडला की काढत कुणी नाही, त्याच्यावरच दुसरा थर. गल्ली वर येते आणि जोती खाली जातात. पहिल्या वळवात पाणी सरळ उंबऱ्यातून आत येते. मग घरमालक दारात विटांचा बांध घालतो आणि ग्रामसभेत गटारासाठी भांडतो. गटार आधी आणि रस्ता नंतर, हे शहाणपण अंदाजपत्रक करणाऱ्या अभियंत्याला माहीत असते. पण गटार स्वच्छतेच्या बंधित निधीतून आणि काँक्रीट अबंधित निधीतून, दोन्हींचे हप्ते वेगळ्या महिन्यात. मध्येच जलजीवन मिशनची पाइपलाइन येते. नव्या काँक्रीटच्या मधोमध चर पडते, वर माती लोटली जाते, आणि ती चर बुजवायची कुणी यावर ग्रामपंचायत, पाणीपुरवठा विभाग आणि ठेकेदार असा तिघांचा खो-खो सुरू होतो. खर्च झालेला प्रत्येक रुपया ऑनलाइन दिसतो, सरपंच आणि ग्रामसेवकाच्या डिजिटल सहीशिवाय हलत नाही. हिशेब चोख आणि गल्ली फुटलेली, हे दोन्ही एकाच वेळी खरे असते.

गावाबाहेरच्या रस्त्यांचे चित्र पालटले ते २५ डिसेंबर २००० ला सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेने. डिझेलवरच्या उपकरातून आलेला पैसा, सुरुवातीला पूर्ण केंद्राचा, २०१५-१६ पासून ६०:४०. योजनेची शिस्त वाखाणण्यासारखी. मातीची तपासणी, पावणेचार मीटर डांबरी रुंदी, राज्याचे आणि केंद्राचे वेगवेगळे गुणनियंत्रक, आणि पाच वर्षांची देखभाल ठेकेदाराच्याच गळ्यात. २०१५ च्या ऑक्टोबरात राज्याने तशीच मुख्यमंत्री ग्रामसडक योजना काढली. तीस हजार किलोमीटरच्या दर्जोन्नतीचे उद्दिष्ट धरले. त्यातल्या काही रस्त्यांना आशियाई विकास बँकेने २०१९ मध्ये २० कोटी डॉलरचे कर्ज दिले, ३४ जिल्ह्यांतल्या २,१०० किलोमीटरसाठी. नंतर त्यात भर पडली. या योजनांतले रस्ते इतरांपेक्षा उजवे आहेत, हे गाडी चालवणारा डोळे मिटून सांगेल.

पण रस्ता जिल्हा परिषदेचा असताना काम करणारी यंत्रणा वेगळी, महाराष्ट्र ग्रामीण रस्ते विकास संस्था. पाच वर्षे संपली की रस्ता पुन्हा जिल्हा परिषदेकडे येतो. सोबत पैसा येत नाही. सहाव्या पावसाळ्यात साइडपट्टी खचते, सातव्यात कडा तुटतात, आठव्यात मधोमध खड्डा, आणि दहाव्या वर्षी तोच रस्ता नव्या योजनेच्या यादीत ‘दर्जोन्नती’साठी. दुरुस्तीवर वेळेत दोन पैसे घालायचे टाळून आपण दहा वर्षांनी दहा रुपये घालतो आणि त्याला विकास म्हणतो.

पश्चिमेकडच्या तालुक्यांची अडचण आणखी वेगळी. केंद्राच्या योजनेत मैदानी भागात ५०० लोकवस्तीला रस्ता, डोंगरी आणि आदिवासी भागात २५० ला. पण इथे ‘डोंगरी’ म्हणजे हिमालयातली, ईशान्येकडची राज्ये आणि पाचव्या अनुसूचीतले प्रदेश. गगनबावडा, चंदगड, राधानगरी, शाहूवाडी हे सह्याद्रीच्या ऐन माथ्यावरचे तालुके त्या हिशेबात मैदानातच पडतात. चाळीस-पन्नास उंबऱ्यांचा धनगरवाडा पाचशेचा आकडा कुठून आणणार? राज्याचा डोंगरी विकास कार्यक्रम या फटी भरायला आहे, पण त्याचा निधी तुटपुंजा. वस्ती वनजमिनीत किंवा राधानगरी अभयारण्याच्या हद्दीत असेल, तर पैसा असूनही काम अडते. मग दर पावसाळ्यात एखाद्या बाळंतिणीला किंवा साप चावलेल्याला झोळीत घालून चार-पाच किलोमीटर खाली आणल्याची बातमी येते.

वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) मध्ये यावर एक सोपी वाट आहे. ग्रामसभेने ठराव करायचा. एक हेक्टरपेक्षा कमी जमीन, हेक्टरी ७५ पर्यंतच झाडांची तोड, तर रस्त्यासह तेरा प्रकारच्या सोयींसाठी जागा वळवायला दिल्लीची परवानगी लागत नाही. तालुक्याच्या ठिकाणी ही तरतूद ठाऊक असलेला माणूस शोधावा लागतो. निधीच्या मागणीची निवेदने मात्र मंत्र्यांच्या प्रत्येक दौऱ्यात डझनाने जातात.

आता ‘पंचवीस-पंधरा’कडे. ग्रामविकास विभागाचे २५१५ हे लेखाशीर्ष म्हणजे लोकप्रतिनिधींनी सुचवलेली गावांतर्गत मूलभूत सुविधांची कामे. ना लोकसंख्येची अट, ना सूत्र, ना जिल्हा नियोजन समितीचा फेरा. यादी आमदारांच्या पत्रासोबत मुंबईला जाते आणि शासन निर्णय होऊन परत येते. त्याशिवाय आमदारांचा स्थानिक विकास निधी, जो २०२२ मध्ये वर्षाला पाच कोटींवर गेला, आणि खासदारांचा तेवढाच. गावाच्या वेशीवर अमुक साहेबांच्या प्रयत्नातून मंजूर झालेल्या कामाचा फलक लागतो, त्यावर रकमेपेक्षा फोटो मोठा. कामाची मुदत, ठेकेदाराचे नाव, दोषदायित्वाचा (म्हणजे ठेकेदाराने फुकट दुरुस्ती करून द्यायचा) काळ या ओळी बारीक अक्षरात किंवा गायब.

कोल्हापूरला या बाबतीत दैवाने भरभरून दिले होते. २०१९ पर्यंत राज्याचे सार्वजनिक बांधकाम खाते चंद्रकांत पाटील यांच्याकडे होते, आणि जिल्ह्याचे पालकमंत्रीही तेच. १५ डिसेंबर २०१७ पर्यंत राज्यातले रस्ते खड्डेमुक्त करण्याची त्यांची घोषणा अजून लोकांच्या तोंडी आहे, बहुतेक वेळा हसण्यावारी. मग २०२२ च्या जूनपर्यंत ग्रामविकास खाते कागलच्या हसन मुश्रीफांकडे. राज्याच्या रस्त्यांची तिजोरी कित्येक वर्षे याच जिल्ह्याच्या हातात होती. निधी आलाही. कागल, भुदरगड भागात तो डोळ्यांना दिसतो. पण माणूस खात्यावर असेपर्यंतच येणारा निधी ही व्यवस्था नव्हे, ती कृपा. आणि कृपेला फिरायला वेळ लागत नाही. जून २०२२ च्या अखेरीस सत्ता बदलली आणि जुलैत १ एप्रिल २०२१ नंतर मंजूर झालेल्या, पण सुरू न झालेल्या कामांना राज्यभर स्थगिती मिळाली. प्रकरण उच्च न्यायालयात गेले. ज्या गावांत नारळ फुटला होता, तिथे खडीचे ढीग कडेला पडून राहिले. रस्ता तोच, गरज तीच, बदलला तो फक्त यादीवर सही करणारा.

काम मिळण्याची रीतही सांगायला हवी. छोटी कामे सुशिक्षित बेरोजगार अभियंते ३३ टक्के, मजूर सहकारी संस्था ३३ टक्के आणि खुल्या निविदेसाठी ३४ टक्के अशी वाटली जातात. हेतू चांगला. व्यवहारात मजूर संस्थेच्या नावावर काम घेणारा दुसराच असतो, हे कुणाला सांगावे लागत नाही. एका किलोमीटरचे एक काम काढले तर ई-निविदा लागते, म्हणून त्याचे दोन-तीन तुकडे पडतात. त्यामुळे एकाच रस्त्याचे डांबर मध्येच रंग बदलताना दिसते. मोठ्या कामात अंदाजपत्रकापेक्षा पंचवीस-तीस टक्के ‘बिलो’ दर भरून काम घेणारे असतात. ते कशात वाचवतात हे पहिल्या पावसात कळते. ठेकेदारांचीही बाजू आहे. बिले वर्ष-वर्ष थकतात, आणि २०२५ मध्ये थकलेल्या देयकांसाठी त्यांच्या संघटना राज्यभर रस्त्यावर उतरल्या. तिजोरीत असेल त्यापेक्षा जास्त कामांना मान्यता द्यायची आणि ओझे ‘दायित्व’ म्हणून पुढच्या वर्षावर ढकलायचे, ही सवय कुठल्याही एका पक्षाची नाही.

हे सगळे पैशाचे झाले. रस्ता मोडतो तो मात्र पाण्याने आणि वजनाने. गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस आणि शिरोळला पाचशेच्या आसपास. मध्ये अंतर शंभरेक किलोमीटरचे. पश्चिमेला जांभा, पूर्वेला फुगणारी-भेगाळणारी काळी माती. निधीचे माप मात्र दोन्हीकडे प्रति किलोमीटर जवळपास सारखे. डोंगरात रस्ता टिकवायला मोऱ्या आणि बाजूची गटारे जास्त लागतात. किलोमीटर कमी दाखवून मोऱ्या जास्त करू, असे म्हणणारा प्रतिनिधी मला तरी भेटलेला नाही.

पुराचा हिशेब वेगळा. २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै, दोन्ही वेळा पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ बंद पडला, तिथे ग्रामीण मार्गांची काय कथा? राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ धोक्याची. पण पाणी त्याच्या कितीतरी खाली असतानाच पंचगंगेच्या खोऱ्यातले बंधारे एकामागून एक पाण्याखाली जातात. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा मुळात पाणी अडवायला. पावसाळ्याआधी बरगे काढायचे, नंतर घालायचे. पण शेकडो गावांनी त्याचाच पूल केला आहे. वरून दुचाकी जाते, दुधाची गाडी जाते, कुठे ट्रॅक्टरही. बंधारा पाटबंधारे खात्याचा, त्याला जोडणारे दोन्ही बाजूंचे रस्ते जिल्हा परिषदेचे. बंधाऱ्याशेजारी खरा पूल व्हावा ही मागणी दोन खात्यांच्या मध्ये लटकते. पाणी ओसरल्यावर पूरहानीच्या दुरुस्तीचा प्रस्ताव जातो, पैसा येईपर्यंत पुढचा पाऊस येतो, आणि आला तरी रस्ता होता तसाच, होता त्याच उंचीवर करायला मिळतो.

मग हंगाम. दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर ज्या ग्रामा रस्त्यावरून बिद्रीला किंवा कुडित्र्याला जातो, त्या रस्त्याचा थर त्या वजनासाठी कधी धरलेलाच नव्हता. पावसाने मऊ झालेल्या रस्त्यावर नोव्हेंबरात ही वाहतूक सुरू होते. हंगाम संपेतो ती रात्रंदिवस चालते. जिल्ह्याचा पैसा या रस्त्यावरून जातो, पण त्यातला रस्त्यावर परत किती येतो याचे उत्तर कारखाना, सरकार आणि जिल्हा परिषद यांपैकी एकाकडेही नाही.

आणि शेवटी पाणंद. इथे जमिनीचे तुकडे लहान. गाडीवाट दोन्ही बाजूंनी नांगरून नांगरून बैलगाडीपुरतीही उरलेली नाही. ट्रॅक्टर शेतापर्यंत पोचला नाही, तर तोडलेला ऊस डोक्यावरून रस्त्यापर्यंत वाहून आणावा लागतो. मग ऊसतोड टोळीला द्यावी लागणारी खुशाली वाढते, ट्रॅक्टरच्या ड्रायव्हरला द्यावी लागणारी ‘एंट्री’ वाढते, आणि आडवाटेचा फड शेवटी तुटतो, वजन घटल्यावर. एका पाणंदीमागे वीस-पंचवीस कुटुंबांचे असे नुकसान दर वर्षी होते. नोव्हेंबर २०२१ च्या मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजनेने रोजगार हमीतून हे रस्ते करायचे ठरवले. पण हमीत मजुरी आणि साहित्य यांचे ६०:४० प्रमाण राखायचे होते, आणि उसाच्या पट्ट्यात त्या मजुरीवर खडी फोडायला येणार कोण? खरा अडसर पैशाचाही नाही, अतिक्रमणाचा आहे. तहसीलदाराने हुकूम द्यायचा, मोजणी करायची, पोलिस बंदोबस्तात बांध हलवायचा. भावकीत वैर नको म्हणून सरपंच त्यात पडत नाही. जिथे पडला, तिथे लोकवर्गणीतून जेसीबी लावून दोन दिवसांत पाणंद मोकळी झाल्याची उदाहरणे प्रत्येक तालुक्यात आहेत.

बाहेर पाहायचे तर केरळ. १९९६ च्या लोकनियोजन मोहिमेपासून तिथे राज्याच्या नियोजित खर्चाचा तिसऱ्या हिश्श्याहून मोठा भाग स्थानिक संस्थांकडे वळवण्यात आला. पण मला त्याहून महत्त्वाची वाटते ती एक कंटाळवाणी तरतूद. विकास निधीपासून वेगळा देखभाल निधी, आणि त्यातही रस्त्यांचा वेगळा. तो दुसरीकडे वळवता येत नाही आणि त्याचे उद्घाटन करता येत नाही, म्हणून तो टिकला असावा. महाराष्ट्रातही घटनेच्या २४३-आय कलमाखाली राज्य वित्त आयोग नेमले जातात, अहवाल देतात. ते वाचले जात असतील, अमलात येताना दिसत नाहीत. त्याच वेळी नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्गाच्या भूसंपादनाला आणि नियोजनाला मंत्रिमंडळ जून २०२५ मध्ये एका बैठकीत २०,७८७ कोटी रुपये मंजूर करते. त्याला सर्वात तिखट विरोध कोल्हापूरच्या शेतकऱ्यांनी केला. जमीन जाण्याची भीती त्यात मोठी होतीच. पण आपल्या पाणंदीला खडी नाही आणि बांधावरून सहापदरी रस्ता, हा सल गावागावांतल्या बोलण्यातून लपत नव्हता.

राज्याने केरळसारखा देखभाल निधी द्यावा ही मागणी करायचीच. पण तोवर एक काम जिल्हा परिषदेला एका परिपत्रकात करता येईल. प्रत्येक इजिमा आणि ग्रामाला क्रमांक आहे, त्यांची यादी बांधकाम विभागात आहे. त्या क्रमांकासमोर रस्ता शेवटचा कधी झाला, कोणत्या लेखाशीर्षातून झाला, किती रकमेचा आणि ठेकेदाराचे दोषदायित्व कोणत्या तारखेला संपते, एवढे लिहून ती यादी दर वर्षी मे महिन्यात ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावावी. मुदत संपण्याआधीचा शेवटचा पावसाळा कोणता हे गावाला कळले, तर साहेबांना निवेदन देण्याऐवजी ठेकेदाराला बोलावून घेता येईल, आणि ती दुरुस्ती फुकट असेल.